सोन्यावरचा त्रिकोण : हॉलमार्कची वाटचाल

भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झाली, तेव्हा स्वातंत्र्याला अजून सात महिने अवकाश होता. पुढे सिमेंटच्या गोणीपासून प्रेशर कुकरपर्यंत या संस्थेचा आयएसआय शिक्का घरोघर ओळखीचा झाला. १ एप्रिल १९८७ पासून संस्थेचं नाव भारतीय मानक ब्यूरो झालं आणि तिला कायद्याचं बळही मिळालं. पण सर्वसाधारण कुटुंब पोटाला चिमटा काढून जी वस्तू घेतं, ते सोनं पहिली ५३ वर्षं या शिक्क्याच्या बाहेरच राहिलं. शुद्धतेची मानकं कागदावर होती, दागिन्यावर मात्र फक्त सराफाचा शब्द होता.

तो शब्द बहुतेक ठिकाणी प्रामाणिकच असे. पिढ्यान्‌पिढ्यांचं खातं असलेल्या पेढीवर कोणी सहसा गिऱ्हाइकाला फसवत नसे. अडचण यायची ती दागिना मोडायला काढला की. लेकीच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी किंवा विहिरीच्या कामासाठी बाईने पाटल्या काढून दिल्या आणि त्या दुसऱ्या गावच्या दुसऱ्या सराफाकडे गेल्या, की कसोटीच्या दगडावर रेघ ओढली जाई आणि 'यात घट आहे' हे वाक्य कानावर पडे. २२ कॅरट म्हणून घेतलेला दागिना प्रत्यक्षात २० कॅरट भरला, तर दर दहा ग्रॅममागे ०.८३ ग्रॅम चोख सोनं कमी. पाच तोळ्यांच्या तोड्यांत चार ग्रॅमहून जास्त सोनं मुळातच नसायचं, आणि त्याचे पैसे मात्र तिने वीस वर्षांपूर्वी रोख मोजलेले असायचे. फसवलं कोणी, हे सिद्ध करायला हातात काहीच नसे. बिल असलंच, तर त्यावर 'सोन्याचे तोडे' एवढंच.

सरकारचा सोन्याशी संबंध त्याआधीही होता, पण तो वेगळ्या कारणाने. चीन युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटच्या वर दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, कारागीर देशोधडीला लागले. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये मागे घ्यावी लागली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा पुढे बावीस वर्षं चालू राहिला. तो १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते आपले मधू दंडवते. या सगळ्या काळात सोनं किती आहे, कोणाकडे आहे, कुठून आलं, याची विचारपूस झाली. ते किती शुद्ध आहे, हे विकत घेणाऱ्याच्या बाजूने कोणीही विचारलं नाही. मला हा त्या तीन दशकांतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि सोन्याचा बाजार फुगला. मग हॉलमार्कचं काम केंद्र सरकारने एकट्या ब्यूरोकडे सोपवलं आणि एप्रिल २००० मध्ये योजना सुरू झाली. चांदीची पाळी २००५ मध्ये आली. सुरुवातीच्या हॉलमार्कमध्ये पाच खुणा असत : ब्यूरोचा त्रिकोण, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि सराफाची खूण. २००० साठी 'ए', २००१ साठी 'बी', असा वर्षांचा क्रम होता. घरातली जुनी अंगठी भिंगाखाली धरली तर ती बारीक अक्षरं अजून दिसतील. तो जुना हॉलमार्क रद्द झालेला नाही. असा दागिना विकता येतो, मोडता येतो, बदलूनही घेता येतो.

या शिक्क्यामागे काय घडतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण विश्वास ठेवायचा तो या कामावर. तपासणी केंद्रं ब्यूरोची स्वतःची नसतात. ती खासगी असतात, ब्यूरो त्यांना मान्यता देतो आणि त्यांच्यावर देखरेख ठेवतो. सराफ दागिन्यांचा लॉट केंद्रावर पाठवतो आणि हे २२ कॅरटचं आहे असं लिहून देतो. आधी क्ष-किरण यंत्राखाली तपासणी होते. यंत्र काही क्षणांत आकडा दाखवतं, पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. म्हणून लॉटमधल्या काही दागिन्यांचा कण काढून त्याची अग्निपरीक्षा घेतात. तो कण काट्यावर अचूक तोलायचा, त्यात मोजून चांदी मिसळायची, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचं आणि सच्छिद्र मुशीत ठेवून हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत सारायचं. शिसं वितळतं, तांबं आणि इतर हलके धातू सोबत घेऊन मुशीच्या अंगात जिरतं. मागे उरतो सोन्या-चांदीचा एक चकचकीत मणी. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, पट्टी गुंडाळून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळून जाते. उरलेला तपकिरी, ठिसूळ धातू तापवला की पिवळाजर्द होतो, तेच चोख सोनं. ते पुन्हा तोलायचं आणि मूळ वजनाने भागायचं. हजारात ९१६ भाग भरले तरच २२ कॅरटचा शिक्का. मानकात खालच्या बाजूला सूट नाही. ९१५ आले तर ते २२ कॅरट नव्हे. कसोटीच्या दगडावरची रेघ जाणकाराच्या नजरेवर अवलंबून असते, इथे निकाल काटा देतो.

याच काळात 'केडीएम' या तीन अक्षरांनी बराच घोळ घातला. दागिन्याचे सांधे जोडायला पूर्वी सोन्यात तांबं घातलेला डाख वापरत, त्यामुळे सांधे जास्त तेवढी शुद्धता खाली येई. कॅडमियमचा, म्हणजेच केडीएमचा, डाख आला आणि हा प्रश्न सुटला, कारण कॅडमियम तापवताना उडून जातं. पण त्याचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांत जातो. ब्यूरोच्या मानकात कॅडमियमला जागा नाही. तरीही कित्येक वर्षं दुकानांत केडीएम म्हणजे शुद्धतेची हमी असं सांगितलं गेलं आणि लोकांनी ते मानलं. ती हमी कधीच नव्हती.

योजना ऐच्छिक होती तोवर तिची चाल मुंगीची राहिली. ज्यांचा माल चोख होता, त्यांनी शिक्का घेतला आणि ज्यांना तो नको होता ते स्वस्थ राहिले. १ जानेवारी २०१७ पासून वर्षाचं अक्षर गेलं आणि शुद्धतेच्या श्रेणी २२, १८ आणि १४ कॅरट अशा तीनच ठेवल्या. ब्यूरोचा २०१६ चा नवा कायदा १२ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला आणि हॉलमार्क सक्तीचा करण्याची वाट मोकळी झाली. १५ जानेवारी २०२० ला आदेश निघाला. त्यात वर्षभराची मुदत होती, पुढे कोविडमुळे ती वाढत गेली आणि अखेर जून २०२१ मध्ये २५६ जिल्ह्यांत सक्ती आली.

खरा बदल झाला तो १ जुलै २०२१ ला. प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा स्वतःचा क्रमांक देणं सुरू झालं. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात आणि एकाचा क्रमांक दुसऱ्याला येत नाही. सराफ व्यवसायात यावर मोठी खळबळ उडाली आणि २३ ऑगस्ट २०२१ ला देशभर लाक्षणिक बंद पाळला गेला. त्यांच्या तक्रारींत तथ्य होतंच. केंद्रं अपुरी होती, संगणक प्रणाली अडखळत होती, माल दिवसेंदिवस केंद्रावर अडकत होता, आणि लग्नसराईच्या तोंडावर लहान सराफाला हे परवडणारं नव्हतं. पण दागिन्याला क्रमांकच नको, या मागणीशी मी सहमत होऊ शकत नाही. नुसता त्रिकोण कोणीही ठोकू शकतो. क्रमांकाची नोंद मात्र ब्यूरोकडे असते आणि गिऱ्हाईक ती आपल्या फोनवर बघू शकतं. सराफाच्या शब्दाची जागा तपासता येण्याजोग्या नोंदीने घेतली, हे या संस्थेचं सोन्याच्या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम.

१ एप्रिल २०२३ पासून दुकानात नवा दागिना विकायचा तर हा क्रमांक हवाच. आता खुणा तीन : त्रिकोण, '२२के९१६' यासारखी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकी क्रमांक. नोव्हेंबर २०२४ पर्यंत सक्तीचे जिल्हे ३६१ झाले. सक्ती आली तेव्हा नोंदणीकृत सराफ ३५ हजारांच्या आत होते, ते १ लाख ९४ हजारांवर गेले. तपासणी केंद्रं ९४५ वरून १,६२२ झाली आणि ४० कोटींहून अधिक दागिन्यांवर क्रमांक पडले. भाव एक लाखाच्या पुढे गेल्यावर, जुलै २०२५ मध्ये ९ कॅरटचाही हॉलमार्कमध्ये समावेश झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही क्रमांक मिळू लागला, तो अजून ऐच्छिक आहे.

फटी उरल्या आहेत. दोन ग्रॅमच्या आतले दागिने सक्तीतून वगळले आहेत, म्हणजे बाळाच्या कानातले डूल, चमकी, मंगळसूत्राच्या हलक्या वाट्या. कमी पैशांत सोनं घेणारी माणसं नेमकं हेच घेतात. वर्षाला ४० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या सराफांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला सूट आहे. लहान सराफाची सूट मला समजते, दोन ग्रॅमची मात्र आता काढायला हवी.

हिऱ्याबाबतचा गैरसमज याहून मोठा आहे. हिऱ्याच्या अंगठीवर '१८के७५०' दिसलं की सगळी अंगठीच तपासून आली, असं लोक धरून चालतात. हॉलमार्क फक्त धातूबद्दल बोलतो. चोख सोनं मऊ असतं, हिरा धरणाऱ्या बारीक नख्या त्यात लवकर झिजतात, म्हणून हे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरटचे असतात. शिक्का तेवढंच सांगतो. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत वाढवलेला, हे तो सांगत नाही, आणि दोन्हींचा कार्बन एकच असल्याने नुसत्या डोळ्यांनीही ते कळत नाही. भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यासाठी प्रयोगशाळेचा वेगळा अहवाल लागतो, ज्यात हिऱ्याचं वजन, रंग, निर्मळता आणि पैलूंची प्रत लिहिलेली असते. मोठ्या हिऱ्याच्या कडेवर अहवालाचा क्रमांक लेझरने कोरलेला असेल, तर तो भिंगातून ताडून बघावा. वजनाकडेही लक्ष हवं. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. आठ ग्रॅमच्या अंगठीत एक कॅरटचे हिरे असतील तर सोन्याचे पैसे ७.८ ग्रॅमचेच द्यायचे. लाख भरलेल्या मण्यांच्या बोरमाळेलाही हाच न्याय.

म्हणून पुढच्या खरेदीला सराफाकडून पक्कं बिल मागून घ्या. त्यावर दागिन्याचं नाव, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. हे शुल्क नगाला ४५ रुपये अधिक कर एवढंच आहे. घडणावळीच्या नावाखाली त्याचा डोंगर होऊ देऊ नका. मग दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येईल. हातात साखळी आणि ॲपमध्ये अंगठी दिसली, तर तो क्रमांक चोरलेला आहे, व्यवहार तिथेच थांबवा. घरातल्या दागिन्याबद्दल शंका असेल तर मान्यताप्राप्त केंद्रावर कोणालाही तपासणी करून घेता येते, चार नगांपर्यंत २०० रुपयांत. आणि हॉलमार्क असूनही सोनं कमी भरलं, तर जेवढी शुद्धता कमी, तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा, असा ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत तुमचा हक्क लिहिलेला आहे.