वरोरा : खाण, लोहमार्ग आणि गाव

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे नाव आज बहुतेकांना आनंदवनामुळे ठाऊक असते. ह्याच गावी १८७१ ते १९०६ अशी पस्तीस वर्षे सरकारी मालकीची कोळशाची खाण चालू होती, ही गोष्ट मात्र जिल्ह्याबाहेर क्वचितच कोणाच्या स्मरणात राहिली आहे. जेथे कधीकाळी खाण होती ते गाव खाणीनेच घडविले असले पाहिजे, असा एक सोयीस्कर समज औद्योगिक वसाहतींविषयीच्या लेखनात आढळतो. वरोऱ्याच्या बाबतीत तो टिकत नाही. येथील नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे खाणीहून चार वर्षांनी जुनी आहे. खाणीमुळे गावात लोहमार्ग आला, वस्ती वाढली, बोलीत काही शब्द शिरले. तथापि ती खाण मुळात गावासाठी नव्हतीच. ती इंजिनांसाठी होती, आणि तिचा जन्म व अंत ह्या दोहोंचा उलगडा ह्या एका गोष्टीने होतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. इंजिनांना लागणारे इंधन एक तर विलायतेहून गलबतांनी मुंबईस उतरवावे लागे, नाही तर बंगालमधील राणीगंजकडे पाहावे लागे. दोन्ही मार्ग खर्चाचे होते. मध्य प्रांतात नर्मदेच्या खोऱ्यातील मोहपानी येथे खाण होती, पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर असल्याचे निश्चित होणे ही प्रांताच्या अधिकाऱ्यांना पर्वणीच वाटली असल्यास नवल नाही. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९चा अहवाल लिहिणारे मेजर लूसी स्मिथ ह्यांच्या कारकिर्दीत ह्या शोधास गती मिळाली. पुढे भूगर्भ-संशोधन खात्याच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज ह्यांनी सर्व खोऱ्याची पाहणी करून १८७७ साली आपला विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. ज्या खडकसमूहात हा कोळसा सापडतो त्यास भूशास्त्राने ‘गोंडवन’ हे नाव दिले आहे. गोंडांचे राज्य गेले. त्यांच्या भूमीचे नाव मात्र दक्षिण गोलार्धातील खंडांच्या प्राचीन इतिहासापर्यंत जाऊन पोहोचले.

खाण सरकारने स्वतः काढली, ह्यालाही कारण आहे. खाजगी कंपन्यांना व्याजाची हमी देऊन लोहमार्ग बांधविण्याची पद्धत सरकारी तिजोरीस फार महाग पडते, असे दिसून आल्यावर १८६९ पासून सरकारने काही मार्ग स्वतः बांधण्याचे धोरण स्वीकारले. वर्धा ते वरोरा हा सुमारे ४५ मैलांचा फाटा त्याच धोरणातून निघाला. ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ हे त्याचे नावच पुरेसे बोलके आहे : त्यात जेथून निघायचे ते स्थानक आहे, जे आणायचे ते आहे आणि मालक कोण तेही आहे, वरोरा तेवढे नाही. वाटेवरील हिंगणघाटच्या कापसाला ह्या फाट्याचा मोठा लाभ झाला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) ह्या कापसाकडे विलायती गिरण्यांचे लक्ष वेधले होतेच. वरोऱ्यासही व्यापाराची पेठ म्हणून जी भरभराट आली ती कोळशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कापूस आणि गळिताच्या धान्याची होती. फाट्याचे अखेरचे स्थानक असल्यामुळे दक्षिणेकडील मुलखाचा माल गाड्यांनी येथे येई आणि येथून रेल्वेत चढे. १९०१च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या १०,६२६ भरली.

खाणीत राबणाऱ्या माणसांविषयी सरकारी लेखनाचा हात फार आखडता आहे. किती टन कोळसा निघाला, किती नफा झाला ह्याची गणना होते. कोण उतरले, कोण वर आले नाही ह्याविषयी तोच तपशील अपेक्षिणे व्यर्थ होय. भारतातील खाणींसाठीचा पहिला कायदा १९०१ साली झाला. म्हणजे वरोऱ्याच्या पस्तीस वर्षांपैकी तीस वर्षे खाणीच्या आत कोणताही खाण-कायदा लागू नव्हता, आणि येथे मालक स्वतः सरकारच होते. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचल्याखेरीज त्या नफ्याच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

जे कागदात नाही त्यातील थोडेसे भाषेत उरते. मराठीत ‘कोळसा’ म्हणजे मुळात लाकडाचा कोळसा; लोणारी भट्ट्या लावून तो पाडीत आणि लोहार-सोनार तो जाळीत. जमिनीखालून निघणारा पदार्थ समोर आला तेव्हा त्याला विशेषण जोडावे लागले आणि ‘दगडी कोळसा’ हा शब्द रूढ झाला. पुढे व्यवहार उलटला. आज चंद्रपूरकडे नुसते ‘कोळसा’ म्हटले की खाणीतलाच समजला जातो, आणि जुन्या वस्तूलाच ‘लाकडी’ हे विशेषण लावण्याची पाळी आली आहे. एका शब्दाच्या अर्थात इतकी उलथापालथ होण्यास जे घडावे लागते, ते सर्व ह्या खोऱ्यात घडले आहे. ‘खाण’ हा शब्द मराठीत जुना असूनही बोलण्यात ‘कॉलरी’च रुळली. कोळसा काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या पोकळीस खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात. हा विलायती खाणवाल्यांच्या बोलीतला शब्द आहे, परंतु ज्याला गोफ म्हणजे विणलेला दोर एवढेच ठाऊक आहे त्याला ‘गोफ बसला’ हे वाक्य ऐकून त्यातील भयाची कल्पनाही येणार नाही. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये, खाण बंद होण्याच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. ह्या भागातील बोलीची नोंद त्यात आहे. पण नमुन्यासाठी ठिकठिकाणी वदवून घेतली ती उधळ्या पुत्राची गोष्ट. त्या गोष्टीत शेत आहे, डुकरे आहेत, मेजवानी आहे. खाण कोठून येणार?

वर्धा खोऱ्यातील कोळशात ओलावा बराच असतो, आणि हवा लागून तो आपोआप तापतो व पेटतो. थर जाड असल्याने आधारासाठी मोठमोठे खांब मागे सोडावे लागतात आणि पुढे तेच खांब कापून घेण्याचा मोह होतो. वरोऱ्याच्या खाणीतील काढण्याजोगा साठा संपत आला तसे सरकारने बल्लारपूरकडे लक्ष वळविले, आणि १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. लोहमार्ग पुढे बल्लारपूरपर्यंत गेला, आणि १९२९ पर्यंत काझीपेठकडून येणाऱ्या मार्गाशी जोडला जाऊन दिल्ली–मद्रास हा सलग रस्ता तयार झाला. कोळशासाठी बांधलेला फाटा अशा रीतीने कोळसा संपल्यावर देशाचा एक मुख्य मार्ग झाला. वरोरा अखेरचे स्थानक राहिले नाही. ते वाटेवरचे एक गाव बनले, आणि त्याच्या बाजारपेठेचे जुने महत्त्वही त्याबरोबर सरले.

बल्लारपूरच्या खाणीत वर्धा नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून पोकळ्या भरण्याची पद्धत अवलंबिली गेली. देशातील ह्या प्रकारच्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. वरोऱ्याच्या काळी नसलेला कायदाही हळूहळू आत उतरू लागला. १९२३च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत काम देण्यास बंदी केली. स्त्रियांना भूमिगत कामास मनाई करणारे नियम १९२९ साली झाले, पण बंगाल, बिहार व मध्य प्रांत येथील कोळसा-खाणींना सवलत देऊन ही मनाई टप्प्याटप्प्याने अमलात आणली गेली. युद्धकाळात कोळशाची टंचाई भासताच ऑगस्ट १९४३ मध्ये ती उठविण्यात आली, आणि त्याचा आरंभ मध्य प्रांतातच झाला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ह्यावर चर्चा झाली, तेव्हा मजूर खात्याचे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना ह्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. हा उपाय तात्पुरता आहे, असे सांगतानाच समान कामास स्त्री-पुरुष भेद न करता समान वेतन हे तत्त्व त्यात मान्य झाल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. ‘रेजा’ हा स्त्री-मजुरासाठीचा शब्द विदर्भात बांधकामावर अद्याप ऐकू येतो. खाणीच्या तळाशी मात्र तो त्या दिवसापासून उतरला नाही.

वरोऱ्यात खाणीनंतर जे घडले त्याचा कोळशाशी संबंध नाही. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे हे येथील वकील व नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी गावाबाहेरच्या खडकाळ माळावर वसविलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये विनोबा भावे ह्यांच्या हस्ते झाले. कोळसा-खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपुरात स्थापन झाली, आणि वरोरा व भद्रावतीच्या परिसरात पुन्हा कोळसा निघू लागला. ह्या नव्या खाणींपैकी बऱ्याच उघड्या आहेत. शेताचा वरचा थर काढून टाकायचा आणि खाली जायचे, असे त्यांचे काम चालते. जुन्या खाणीत माणूस जमिनीखाली जाई, येथे जमीनच उचलली जाते. ह्या भागातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्यामुळे ‘जमीन खाणीत गेली’ हा प्रयोग येतो. १८७१ मध्ये तो कोणाला समजला नसता.