फळी उलटी का उसळते? टेबल सॉ लावताना आणि चालवताना काय सांभाळायचं

यवतमाळ जिल्हा सागवानाचा. यवतमाळ, पुसद, पांढरकवडा या तिन्ही वन विभागांत साग भरपूर, त्यामुळे गावोगावी सुतारकामही आहे. कंपनीचा टेबल सॉ महाग पडतो, म्हणून बरेच कारागीर ४ इंची मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवतात आणि पातं फटीतून वर काढतात. काम झटपट होतं, यात वाद नाही. पण बोटं वाचवणाऱ्या दोन गोष्टी या जुगाडात बहुधा नसतात.

त्या समजण्यासाठी आधी वेग पाहू. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. छोटा कटर मिनिटाला १३,००० फेरे घेतो, म्हणजे दातांचा वेग ताशी २७० च्या आसपास. पातं लहान म्हणून धोका लहान, हा समज इथेच मोडतो.

समोरचे दात खाली जातात आणि फळीला टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र वर येतात. कापलेली फळी त्यांना घासली की ती उचलली जाते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. यालाच किकबॅक म्हणतात. फळी सुटते तेव्हा तिला रेटणारा हात पात्यावर जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जातं.

फळी मागच्या दातांना का घासते? एक तर लाकडात ताण असतो. नीट न वाळलेलं किंवा वाकड्या झाडाचं लाकूड उभं चिरताना चीर मागून मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. दुसरं कारण म्हणजे तिरकी गाइडपट्टी. म्हणून पात्यामागे, त्याच रेषेत, एक पोलादी पत्ती हवी. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही. जुगाडात नसलेली पहिली गोष्ट ती हीच.

दुसरी गोष्ट स्विचची. कटरचं बटण लॉक करून बोर्डावरूनच चालू-बंद करायची सवय सर्रास आहे. लाइट गेली, कारागीर भुसा झाडायला वाकला आणि लाइट आली, की पातं आपोआप फिरू लागतं. वीज गेल्यावर स्वतः बंद होणारा आणि मुद्दाम दाबल्याशिवाय चालू न होणारा नो-व्होल्ट स्विच यासाठीच असतो. तो नसेल, तर लाइट गेल्याबरोबर प्लग काढावा.

कोणतंही सेटिंग प्लग काढूनच करावं. पातं टेबलाशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून तपासावं. पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून गाइडपट्टीचं अंतर मोजावं. दोन्ही सारखं हवं. मागचं केसभर जास्त चालेल, कमी अजिबात नको. पात्याचे दात फळीच्या वर थोडेच, साधारण ५-६ मिलिमीटर दिसावेत. बोथट पात्याला जास्त रेटावं लागतं आणि जास्त रेटा म्हणजे तोल जाण्याची भीती. सागात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडच्या दातांचं पातं बरं.

चालवताना पात्याच्या सरळ रेषेत उभं राहू नये, एका बाजूला राहावं. अरुंद पट्टी हातानं नाही, लाकडी काठीनं पुढे सरकवावी. गाइडपट्टीचा आधार न घेता नुसत्या हातानं फळी चिरू नये. आखूड तुकडा गाइडपट्टीला टेकवून आडवा कापू नये, तो अडकून हमखास उडतो. हातमोजे, गळ्यातला दुपट्टा, मनगटातलं कडं काढून ठेवावं. हातमोज्यांनी बोट वाचत नाही, उलट मोज्यासकट हात ओढला जातो. चष्मा आणि मास्क मात्र हवाच, कारण लाकडाच्या भुशाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक ठरवलं आहे.

बोटाचा स्पर्श होताच सुमारे ५ मिलिसेकंदांत पातं थांबवणारं सॉस्टॉप हे यंत्र अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी तयार केलं. पण उलट्या कटरला तसली सोय नाही.

बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात टाकू नये. बर्फानं पेशी मरतात आणि मग बोट जोडता येत नाही.