'थिंग' : सभेपासून वस्तूपर्यंत

इंग्रजी भाषेतील 'थिंग' या शब्दास आज निश्चित असा अर्थच उरलेला नाही, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. हाताशी असलेली वस्तू, प्रवासाचे सामान, घडलेली घटना, कीव यावी असा जीव, एवढेच नव्हे तर ज्याचे नाव आठवत नाही असे काहीही या एका शब्दात सामावते. 'समथिंग', 'नथिंग' यांसारख्या सर्वनामांत तर तो प्रत्ययवत् झाला आहे. भाषेत मूर्त अर्थ आधी व अमूर्त अर्थ मागाहून निर्माण होतो, असा सामान्य समज आहे. या शब्दाचा इतिहास मात्र उलट दिशेने गेलेला दिसतो.

प्राचीन जर्मानिक समाजांत 'थिंग' म्हणजे न्यायनिवाड्यासाठी भरणारी लोकसभा. आइसलंडमध्ये इ. स. 930 च्या सुमारास स्थापन झालेल्या 'आल्थिंग' या सभेच्या नावात, त्याचप्रमाणे नॉर्वेच्या 'स्टोर्टिंग' व डेन्मार्कच्या 'फोल्केटिंग' या संसदांच्या नावांत हाच शब्द आहे. सभेवरून सभेपुढील वाद, वादावरून विचाराचा विषय, विषयावरून कोणतीही बाब आणि अखेरीस कोणतीही वस्तू, अशा पायऱ्यांनी हा अर्थविस्तार झाला. हा क्रम आकस्मिक नव्हे. लॅटिनमध्ये कारण व खटला या अर्थांनी रूढ असलेल्या 'काउसा' या शब्दापासूनच फ्रेंच 'शोज' व इटालियन 'कोसा' हे वस्तुवाचक शब्द निघाले आहेत.

इंग्रजीत मूळ अर्थ केवळ 'हस्टिंग्ज' या शब्दात तग धरून राहिला. 'गृहसभा' या अर्थाच्या नॉर्स सामासिक शब्दापासून तो आला. पुढे तो लंडनमधील एका न्यायालयाचे नाव झाला व त्यानंतर संसदेच्या उमेदवारांची नावे ज्यावरून सुचविली जात त्या मंचाचे. 1872 च्या गुप्त मतदानाच्या कायद्याने ती प्रथा संपली. शब्द मात्र निवडणूक प्रचाराच्या अर्थाने टिकून आहे.

मराठीतील 'गोष्ट' या शब्दाचा प्रवास येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाईंचा गोठा, 'गोष्ठी' म्हणजे मंडळी व त्यांचा संवाद. ज्ञानेश्वरीतील 'गोठी' हे बोलणेच होय. आज 'गोष्ट' कथेस, बाबीस व प्रसंगी वस्तूसही लावतात. या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे नाते मुळीच नाही. तथापि, माणसे एकत्र जमून ज्याविषयी बोलतात तेच पुढे 'बाब' ठरते, ही प्रक्रिया दोहोंत समान आहे.

म्हणूनच जुन्या लेखांचा अर्थ आजच्या कोशावरून लावणे धोक्याचे ठरते. केंटचे राजे ह्लोथहेरे व एआड्रिक यांच्या सातव्या शतकातील कायद्यात, ज्याच्यावर आरोप आहे त्याने 'थिंग'मध्ये वादीची गाठ पडल्यास जामीन द्यावा, असे सांगितले आहे. तेथे 'वस्तू' हा अर्थ घेतल्यास केवळ एक वाक्य बिघडत नाही. ज्या सभेपुढे तो मनुष्य उभा होता, ती सभाच इतिहासातून नाहीशी होते.