इंडक्टर संपृक्त होऊ नये म्हणून काय करतात?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरमधले सर्व्हर स्विच मोड पॉवर सप्लायवर (एसएमपीएस) चालतात. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चुंबकीय गाभ्यावर तार गुंडाळून केलेला इंडक्टर प्रत्येक आवर्तनात ऊर्जा साठवतो व पुढे देतो.

गाभ्याची चुंबकत्व सामावण्याची क्षमता मर्यादित असते. विद्युतधारेने ती ओलांडली की गाभा संपृक्त होतो, इंडक्टरची प्रवर्तकता घसरते, धारा झपाट्याने चढते आणि ट्रान्झिस्टर जळू शकतो.

त्यामुळे इंडक्टर निवडताना सरासरी नव्हे, तर शिखर धारा पाहावी लागते. समजा, १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट, ३ अँपिअर मिळवायचे आहेत. कंप्रता १०० किलोहर्ट्झ व प्रवर्तकता २२ मायक्रोहेन्री असेल, तर धारेतील चढउतार सुमारे १.३ अँपिअर होतो. त्याचा निम्मा भाग ३ अँपिअरमध्ये मिळवला, की शिखर धारा सुमारे ३.७ अँपिअर येते. सुरक्षिततेसाठी साडेचार ते पाच अँपिअरपर्यंत संपृक्त न होणारा इंडक्टर घेणे इष्ट.

तापमानही महत्त्वाचे आहे. सामान्य पॉवर फेराइट २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.५ टेस्लाला संपृक्त होते. १०० अंशांना ही मर्यादा ०.४ टेस्लाच्या आसपास उतरते. म्हणून वातानुकूलित प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले मंडल उन्हाळ्यात बंद पेटीत दगा देऊ शकते. गणित तप्त गाभ्याचेच करावे.

फेराइटच्या गाभ्यात बारीक हवेची फट ठेवल्यास तो अधिक धारा सोसतो. मात्र तीच प्रवर्तकता राखण्यासाठी वेढे वाढवावे लागतात व तांब्यातील उष्णता वाढते. लोहचूर्णाच्या गाभ्यात अशी फट कणाकणांत विखुरलेली असल्याने तो हळूहळू संपृक्त होतो. गाभ्याचा छेद मोठा घेणे हाही उपाय आहे. कंप्रता वाढवल्यास चढउतार कमी होतो, पण ट्रान्झिस्टरमधील ऊर्जाहानी वाढते. शिवाय प्रत्येक आवर्तनात धारेला मर्यादा घालणारे नियंत्रण आणि सावकाश आरंभाची सोय असावी.

पूर्ण भार देऊन, मंडल तापल्यावर ऑसिलोस्कोपवर इंडक्टरची धारा पाहावी. चढती रेषा सरळ असेल तर गाभा सुरक्षित. शिखराजवळ ती एकाएकी वर वळली, तर संपृक्तता सुरू झाली असे समजावे.