लाल शब्दाचं आवतण

मराठी विकिपीडिया महाराष्ट्रदिनी, १ मे २००३ रोजी सुरू झाला. जाहिरात नाही, नफा नाही, लिहिणाऱ्याला मानधनही नाही. तरी माणसं लिहिती झाली. त्यात मांडणीचाही वाटा आहे. पानाच्या माथ्यावरच ‘संपादन’ हा शब्द. जो लेख अजून लिहिलेलाच नाही, त्याचं नाव लाल अक्षरांत. ते दाबलं की कोरं पान समोर. उणीव झाकली नाही, तिचंच आवतण केलं.

देवनागरी टंकनाची अडचण मात्र होती. २०११ मध्ये ‘नारायम’ ही सोय आली; रोमन कळांवरून मराठी अक्षरं उमटू लागली. उंबरठा ठेंगणा झाला.

आता मोबाइलवर ‘संपादन’च्या जागी इवलीशी पेन्सिल दिसते. वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते. श्रोतेहो, आमच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेबद्दल आपण लिहिणार, की दुसऱ्यानं लिहिलेलं नुसतं वाचणार?