मिठागराचे वाफे आणि क्वार्कांचे गणित

पेणच्या खाडीकाठची मिठागरे आपणांपैकी कित्येकांनी पाहिली असतील. समुद्र मोजता येत नाही. बांध घालून पाडलेला वाफा मोजता येतो. प्रोटॉनात क्वार्क कणांस जखडून ठेवणाऱ्या बलाचे गणित कागदावर सुटेना, तेव्हा १९७४ साली केनेथ विल्सन यांनी अवकाश व काल यांचेच असे वाफे पाडले. वाफा जितका लहान, तितके उत्तर खरे. पण हिशेब अफाट! १९८० च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी, फासे टाकावे तसे यदृच्छ आकडे घेऊन, तो संगणकाकडून करविला. रोह्यास मी मुलांना अंदाजाने उत्तर लिहू देत नसे. येथे मात्र फाशांतूनच नेमकेपणा निघतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० सालीच चालू केला होता. तेथील सौरेंदु गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या वाफ्यांच्या गणिताची प्रयोगांशी सांगड घातली; क्वार्क मोकळे होण्याचे तापमान सुमारे २ लक्ष कोटी अंश निघाले.