दुसरे रघूजी भोसले यांचा मृत्यु व अकोट परगणा

दीर्घकाळ गादीवर असलेला राजा वारला म्हणजे शोक राजधानींत होतो. पण त्या मृत्यूची किंमत बहुधा सरहद्दीवरच्या परगण्यांस द्यावी लागते. नागपूरकर सेनासाहेबसुभा दुसरे रघूजी भोसले यांच्या निधनाचा विचार करितां अकोटाविषयीं आम्हांस असेंच वाटतें.

जानोजी १७७२ सालीं वारले. पुढें साबाजी व मुधोजी यांचा कलह मिटून त्यांचे दत्तक पुत्र रघूजी यांचें पद स्थिर झालें, व १७८८ त जनक पिता मुधोजी निवर्तल्यावर सर्व सत्ता त्यांच्या हातीं आली. २२ मार्च १८१६ रोजीं, शके १७३७ च्या फाल्गुनांत, ते कैलासवासी झाले.

२९ नोव्हेंबर १८०३ च्या आडगांवच्या लढाईनें भोसल्यांचा वऱ्हाडांतील अंमल संपला, असें सामान्यतः समजतात. अकोटास हें लागू पडत नाहीं. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला खरा. परंतु नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लक्षांचा मुलूख रघूजींकडे राहिला. अकोट व आडगांव हे परगणे त्यांतलेच. जेथें भोसल्यांची फौज मोडली, तेंच आडगांव पुढें भोसल्यांकडे राहावें, हा योग विलक्षण होय.

रघूजी निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. १८०३ नंतर उत्पन्न घटलें, तेव्हां त्यांनीं रयतेवर करांचा बोजा वाढविला, हा दोष त्यांजकडे येतोच. तथापि इंग्रजांची तैनाती फौज त्यांनीं अखेरपर्यंत पतकरली नाहीं, हेंही तितकेंच खरें. ते गेले आणि दोन महिने लोटून थोडेच दिवस झाले तोंच, मे १८१६ मध्यें, तैनाती फौजेचा तह झाला. पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ. म्हणून सूत्रें पुतणे आप्पासाहेब यांच्या हातीं गेलीं. आडगांवीं सेनापति असलेल्या व्यंकोजींचे हे पुत्र. फेब्रुवारी १८१७ त परसोजींचा घात झाला, नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, व जानेवारी १८१८ च्या करारानें हा उरलेला मुलूखही सुटला. १८२२ च्या तहानें तो निजामाच्या राज्यांत कायम झाला. म्हणजे अकोटापुरता भोसल्यांचा शेवट आडगांवच्या रणांत झाला नसून तो रघूजींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत झाला.

हा केवळ सनावळीचा वाद नव्हे. अकोट परगण्यांतील एखाद्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत १८०४ ते १८१७ मधील भोसल्यांच्या अंमलदाराचें पत्र निघाल्यास, 'तेव्हां येथें निजामाचा अंमल होता' एवढ्याच कारणानें तें बनावट ठरविणें अन्यायाचें होईल. कागद, अक्षर व शिक्का यांची परीक्षा अवश्य करावी. पण तहाचीं कलमें जवळ ठेवून करावी. अशा दप्तरांतील वसुलाचे कागद सालवार लावून पाहिले, तर राजाच्या मृत्यूचा परिणाम गांवोगांवीं केव्हां व कसा पोंचला, हें कळण्याचा संभव आहे. दरबारी पत्रांतून तें कळणार नाहीं. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं उतरून घ्यावे, एवढीच आमची विनंति आहे.